वावडं : काही नाही

२ फेब्रुवारी

गुंडे,

मायना लिहायला बसले आणि तिथेच अडले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू नाक मुरडशील. ‘चिरंजीव’ लिहिलं तर म्हणशील, हिला हा अधिकार कोणी दिला? म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव लिहिलं. शिंप्याची पोर, म्हणून गुंडी. या नावावर माझाही थोडा हक्क आहे, कारण तुझ्या शाळेच्या शर्टाच्या तुटलेल्या गुंड्या बाबांनी एकदाही लावल्या नाहीत. जगाचे कोट शिवायचे आणि घरात पोरगी टाचणी लावून शाळेत! त्या सगळ्या मी लावल्या आहेत, वाकड्यातिकड्या का होईना.

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस. म्हणून हा कागद. पत्र न वाचता फाडायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं. तेवढं घे.

तुझ्या आत्याकडून खबर कळते. जेवते, झोपते, कामाला जाते, बोलत नाही, असं म्हणाली. कसलं काम, तर रंगाचं दुकान. भिंतीच्या रंगाचे डबे ढवळून देतेस म्हणे. ‘इतकं शिकून हे?’ असं तोंडावर आलं होतं, पण जीभ चावली. कष्टाचं काम आहे. शिवाय तिथे निळा मागितला तर निळाच मिळाला की नाही हे डोळ्यांनी दिसतं, आपल्या धंद्यात तेवढंही दिसत नाही.

आता मुद्द्याचं. तू राजीनाम्याबरोबर पाठवलेलं पत्र आपल्या ऑफिसातल्या साहेबांनी मला दाखवलं. ‘चूक संपूर्णपणे माझी आहे, यात दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही.’ वा गं वा! ती ओळ तू लिहिलीस, मी तपासली, टेस्टिंगवाल्याने पास केली आणि त्या हॉस्पिटलच्या प्रोग्रामने भलतंच दाखवलं. चौघांच्या हातून सांडलं आणि तू एकटी फडकं घेऊन बसलीस. बाबांना जाऊन तीन महिने होत आले. या तीन महिन्यांत तू मला एक शब्द लिहिला नाहीस, पण साहेबांना मात्र पानभर लिहिलंस.

ते पत्र मागे घे. चौकशी पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. चौकशीला नको येऊस हवं तर. घरी ये. मला चौकशीचं काही पडलेलं नाही, मला तू घरी हवी आहेस. लिहिलं एकदाचं.

जिला तू नुसतं ‘अगं’ म्हणतेस, ती


१४ फेब्रुवारी

गुंडे,

उत्तर नाही. ठीक आहे. आत्या म्हणाली, पाकीट फोडलंस. मग मी लिहीत राहणार, मला तरी दुसरा काय उद्योग आहे?

काल चौकशीच्या बाई ऑफिसात आल्या होत्या. स्वतः डॉक्टर. केस पांढरे, आवाज बारीक, पण नजर अशी की टेस्टिंगवाला उगाचच सरळ बसला. मला म्हणाल्या, ‘मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. घरच्या माणसाला सांगता तसं सांगा.’ घरच्या माणसाला! मला आपलं जेवणाचं टेबल आठवलं. तुझी परीक्षा होती, मी शिकवत होते आणि बाबा समोर बसून कोणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते.

तेव्हा तुला जे सांगितलं तेच बाईंना सांगितलं. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या घड्या. पेशंट नावाचा मोठा टॅग, म्हणजे नाव लिहिलेला कप्पा, त्याच्या पोटात नाव, वय, रक्तगट, वावडं असे लहान टॅग. पोटातल्यांना आपण पोरं म्हणतो आणि बाहेरच्याला आई. आता ‘वावडं’ हा शब्द दहा कंपन्या दहा फायलींत वापरतील, त्यातलं आपलं कोणतं? म्हणून प्रत्येक टॅगला एक घराणं असतं. त्याला नेमस्पेस म्हणतात. घराण्याचं नाव आईच्या टॅगवर एकदा लिहिलं की पोटातल्या साध्या पोरांवर पुन्हा लिहावं लागत नाही, वाचणारा समजून घेतो.

बाबा तेव्हा दातात दोरा धरून म्हणाले होते, ‘म्हणजे आडनावच की. सोपंय. घरात दिसला तो घरचा.’

आणि तू, आठवतंय का तुला, पेन्सिल नाचवत म्हणालीस, ‘नाही हो बाबा. फाइलीत तसं लिहिलं असेल तर घरचा. पण प्रोग्राममध्ये पोर आधी बाहेर तयार होतं, मग आईच्या पोटात नेऊन बसवतात. तयार करताना त्याला घराणं सांगितलं नाही, तर ते आत बसूनही बिनघराण्याचंच राहतं.’ बरोबर उत्तर होतं. मी शाबासकी देणार तेवढ्यात तू माझ्याकडे बघितलंस आणि एकदम पाणी प्यायलीस. बाबांनीही मान खाली घातली. बाहेरून आणून घरात बसवलेली त्या टेबलावर मीच होते ना. मला काही वाईट वाटलं नव्हतं गं. थोडं वाटलं होतं.

म्हणून मला आश्चर्य याचंच वाटतं की चुकलीस ती नेमकी तिथे. जुन्या सगळ्या पेशंटांच्या नोंदींत वावड्याचा नवा टॅग घालायचं काम तुझ्याकडे होतं. तू टॅग तयार केलास, आत बसवलास, घराणं सांगायचं राहिलं. मशीन बिचारं इमानदार. फाइल लिहिताना त्याने त्या पोराच्या कपाळावर रिकामं घराणं लिहून ठेवलं. एक्सएमएलएनएस म्हणजे घराण्याचा शिक्का, पुढे बरोबरचं चिन्ह, दोन अवतरणचिन्हं, आणि मधे काहीच नाही. मी तपासताना तुझी ओळ बघितली, छापून आलेली फाइल बघितलीच नाही. आपल्या स्क्रीनवर तर सगळं व्यवस्थित दिसत होतं, कारण आपला स्क्रीन नुसता शब्द बघतो, घराणं विचारत नाही.

बाबा यावर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. दुकानातल्या दिव्याखाली ठिगळ आणि कापड एकाच रंगाचं दिसतं, गिऱ्हाईक उन्हात गेलं की बोंबलत परत येतं. आपली फाइल उन्हात गेली ती त्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथला प्रोग्राम नियमाचा पक्का. त्याने विचारलं, या घराण्यातलं वावडं आहे का? सापडलं नाही. मग त्याने डॉक्टरांना दाखवलं, ‘वावडं : काही नाही.’ अरे मेल्या, सापडलं नाही आणि नाही, यात काही फरक आहे की नाही!

बाई म्हणाल्या, ‘म्हणजे ती माहिती फाइलीत होती?’

होती ना. बाबांच्या नावाखाली, जिथे असायला हवी तिथेच होती. तिकडे तिला कोणी आपलं मानलं नाही, एवढंच झालं. हे सांगितलं आणि साहेबांनी पाणी मागवलं.

घरी ये गं.


५ मार्च

गुंडे,

आज दुकान उघडलं. इतके दिवस कुलपाला हात लावला नव्हता, पण गिऱ्हाइकांचे कपडे आत अडकलेले. एक पोस्टमन दोनदा येऊन गेला, त्याच्या गणवेशाच्या कोटाचा खिसा बाबांकडे होता. कोट सापडला. खिसा अर्धा शिवलेला, सुई तशीच खोचलेली. मी म्हटलं, बसा, मी लावून देते. माझं शिवण तुला माहीतच आहे. पोस्टमन बिचारा खिसा बघून म्हणाला, ‘मजबूत आहे.’ छान आहे असं काही त्याला म्हणवलं नाही. याच खिशातून आता तुझी पत्रं जातात, जरा जपून उघड.

दुकानात कापडाचा वास तसाच आहे. मी मापाची टेप गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिले आणि मग खूप रडले. तुझ्यापासून हे लपवायचं ठरवलं होतं, पण आता लिहून गेलं. असू दे.

आणखी एक लिहायचं होतं, तेही आजच लिहिते, कारण उद्या माझी हिंमत होणार नाही. त्या दिवशी मी परगावच्या ऑफिसात होते. तुझा फोन आला, मी मिळेल त्या गाडीने निघाले, पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तू भिंतीला टेकून उभी होतीस. कारण तोवर कळलं होतं, बाबांना न चालणारं ते इंजेक्शन, ती फाइल, सगळं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘तुझी चूक नाही गं, मी तुला दोष देत नाही.’ आणि तू हात झटकलास. सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘तू माझी कोण? दोष न देणारी तू कोण?’

लागलं मला. अजून लागतं. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले. बाबांनी तुला एवढंच सांगितलं, ‘ही आता आपल्याकडे राहणार.’ मला काय म्हणायचं ते सांगितलंच नाही. त्यांना वाटलं असणार, घरात आली की होईल आपोआप. तुम्ही बापलेक एकाच माळेचे मणी! तू ताई म्हटलं नाहीस, मावशी म्हटलं नाहीस, दुसरं तर सोडूनच दे. वीस वर्षं ‘अगं, ऐक ना.’ मी कधी मागितलं नाही. मागून मिळतं त्याला चव नसते, असं स्वतःलाच सांगायचे. पण त्या दिवशी तू विचारलंस आणि सांगायला बाबाही नव्हते.

बाकी ठीक. मध्ये गुडघा दुखत होता, कोपऱ्यावरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, तर अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले. तोंड असं झालं होतं की तू बघितलं असतंस तर हसली असतीस. दोन दिवस घरातच होते. शेजारणीला उगाच कशाला त्रास द्या, म्हणून सांगितलं नाही. आता बरं आहे. सोड ते.

आत्याला म्हणावं, पोरीला सकाळी उपाशी पाठवू नको. रंगाच्या वासाने मळमळतं.


२२ मार्च

मध्ये लिहिलं नाही. मुद्दामच. मायनाही आज लिहीत नाही.

चौकशीच्या बाईंनी सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवलं होतं. त्या रात्रपाळीची नर्सही होती, तुझ्याच वयाची असेल. बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि रडायला लागली. मला वाटलं तिच्यावर काही शेकणार म्हणून घाबरलीय. तर म्हणाली, ‘काकू, आम्ही विचारलं होतं हो. इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी तुमच्या मुलीला विचारलं होतं, यांना कुठल्या औषधाचं वावडं आहे का? ती म्हणाली, रेकॉर्डमध्ये आहे सगळं, बघून घ्या.’

रेकॉर्डमध्ये आहे सगळं.

मला आजवर वाटत होतं की तुला कोणी विचारलंच नाही. चौकशीच्या कागदांतही ते नाही, कारण तू पानभर कबुली लिहिलीस आणि त्यात नेमकं एवढंच गाळलंस. तुला माहीत होतं, गुंडे! घरात सगळ्यांना माहीत होतं. तू दुसरीत होतीस तेव्हा बाबांना तेच औषध दिलं आणि त्यांचा चेहरा असा सुजला की तू त्यांना ओळखेनास, माझ्यामागे लपलीस. माझ्या पदराआड. आणि तुला विचारल्यावर तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? तीन शब्द बोलायचे होते. हे चालत नाही. बस्स, एवढंच!

मी खूप चिडले. घरी येऊन तुझ्या खोलीचं दार लावून घेतलं, कडी घातली. तुझा कप कपाटात मागे ढकलला. मनात आलं ते सगळं मी मोठ्याने बोलले, ते इथे लिहिणार नाही. राहू दे तिला रंग ढवळत, असंही म्हटलं. मला तू घरी नको होतीस. हे खरं होतं, म्हणून सांगते.

आणि मग काल काय झालं ते ऐक.

गुडघा पुन्हा धरला म्हणून त्याच कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. नेहमीचे नव्हते, बदली पोरगा होता. त्याने कागद पुढे ओढला, विचारलं, ‘काकू, कुठलं औषध चालत नाही असं आहे का?’ आणि मी, मी गं, पिशवीत चष्मा शोधता शोधता म्हणाले, ‘फाइलीत आहे ना सगळं, बघा की.’

तो बघायला लागला. मी चष्मा घातला आणि मला कळलं मी काय बोलले ते. खुर्चीचा हात धरून बसले. पोरगा घाबरला, म्हणाला काय होतंय? मी म्हटलं, काही नाही, तुम्ही ते बंद करा, मी सांगते. गोळीचं नाव सांगितलं. त्याने ते लिहिलं नसेल तर लिही म्हणून पुन्हा सांगितलं.

चार महिने मी रोज तीच एक ओळ बघतेय. नवऱ्याला त्यापायी घालवून बसलेय. तरी मला विचारल्यावर तोंडातून तेच आलं. आपला धंदाच असा आहे गं. आपण माणसांना हेच शिकवत हिंडतो की आता सांगायची गरज नाही, सगळं आत आहे. तुला खोटं बोलायचं नव्हतं, टाळायचं नव्हतं. बाबांचा श्वास लागलेला, आणि तू आपल्या कामावर विश्वास ठेवलास. मी शिकवलेल्या कामावर. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आता हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये, काल मी म्हटलंच.

त्या दिवशी तू हात का झटकलास तेही कळलं. मला अर्धंच माहीत होतं आणि मी दोष देत नाही म्हणून मोकळी झाले होते. आता पूर्ण माहीत आहे. आता पुन्हा सांगते, आणि तू पुन्हा विचारशील तू माझी कोण, तर विचार.

कडी काढलीय. कप पुढे ठेवलाय.


२८ मार्च

गुंडे,

चौकशी झाली. तू आली नाहीस. दाराकडे बघून बघून माझी मान अवघडली.

बाईंनी सगळ्यांचं ऐकलं. मी काय दुरुस्त केलं ते विचारलं. सांगितलं की टॅग तयार करतानाच घराणं सांगायचं, त्याशिवाय प्रोग्राम पुढे जाणारच नाही. आणि तिकडच्या लोकांनी सापडलं नाही तर ‘सापडलं नाही, विचारा’ असं दाखवायचं. मग मी म्हटलं, हे सगळं झालं तरी डॉक्टरांनी विचारायचं आणि घरच्याने तोंडानं सांगायचं, हे लिहा. बाईंनी ते लिहून घेतलं.

मग तुझं पत्र निघालं. मी म्हटलं, हे पत्र एका पोरीने बाप गेल्यावर लिहिलंय, हे पुरावा म्हणून धरू नका. साहेबांनी घसा खाकरला. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही तिच्या वरिष्ठ म्हणून हे बोलताय का? तुम्ही तिच्या कोण?’

बघ, पुन्हा तेच! टेस्टिंगवाला माझ्याकडे बघतोय, नर्स बघतेय. मी म्हटलं, ‘आई.’

बाईंनी कागद चाळले. म्हणाल्या, ‘इथे तर आईचं नाव वेगळं दिसतंय.’

मी म्हटलं, ‘कागदावर मी नाही. म्हणूनच तोंडानं सांगतेय.’

बाईंनी पत्र बाजूला ठेवलं. निकाल चौघांवर मिळून लागेल, मला तपासणीच्या कामावरून काढतील असं दिसतं. काढू देत. तुला न विचारता मी ते नातं सांगितलं, राग आला तर ये आणि भांड. रागवायला तरी ये.

येताना ऑफिसात थांबले. मनात एक गोष्ट घोळत होती ती करून बघितली. आधी घराणं सांगून तयार केलेलं एक पोर घेतलं, त्याला आईच्या पोटातून काढलं आणि भलत्याच फाइलीत, परक्या घरी नेऊन ठेवलं. मग फाइल छापली. मशीनने काय केलं असेल? त्या पोराच्या कपाळावर त्याचं स्वतःचं घराणं लिहून टाकलं, अक्षर न अक्षर. हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे, तरी बघत बसले. बाबा असते तर म्हणाले असते, झालं हिचं प्रवचन सुरू, कात्री दे इकडे.

आत्याकडे राहा हवं तेवढं. पण तू माझी आहेस. हे बाबांनी सांगायला हवं होतं, मी सांगायला हवं होतं. आता सांगितलं.


९ एप्रिल

गुंडे,

काल दुकानात होते. पोस्टमनचा दुसरा खिसा उसवला म्हणून तो पुन्हा आला होता, आता मला दुकान बंद करू देईल असं दिसत नाही. फोन वाजला. नाव बघितलं आणि सुई बोटात गेली.

तू काही बोललीच नाहीस. मागे रंगाच्या मशीनची खडखड ऐकू येत होती. मीही बोलले नाही, कारण मी बोलायला लागले की समोरच्याला जागा राहत नाही असं बाबा म्हणायचे. मग तू म्हणालीस, ‘अगं.’

मी म्हटलं, ‘बोल.’

‘ती गोळी कुठली होती? पित्त उठलं ती?’

मी म्हटलं, ‘आता कशाला, झालं ते.’ तर तू ओरडलीस, ‘नाव सांग!’ मी नाव सांगितलं. तू माझ्यामागून म्हटलंस. चुकलीस. मी पुन्हा सांगितलं, तू पुन्हा म्हटलंस. शाळेत पाढे म्हणायचीस तसं, थांबून, श्वास घेऊन. मग न चुकता म्हटलंस. पोस्टमन उगाचच भिंतीकडे बघत बसला.

‘अजून काय चालत नाही?’

‘धूळ. आणि जास्त वेळ तुझी आत्या.’

तू हसलीस. मग हसता हसता ते रडणं झालं आणि तू म्हणालीस, ‘मला विचारलं होतं गं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.’

मी म्हटलं, ‘ठाऊक आहे मला.’

‘तुला कोणी विचारलं तर मी सांगेन,’ तू म्हणालीस. ‘कुठेही असले तरी सांगेन. कागद बघणार नाही.’ आणि फोन ठेवलास.

‘अगं’च म्हणालीस. आई म्हणाली नाहीस. नको म्हणूस, मला आता त्याचं काही वाटत नाही. थोडं वाटतं.

पण एक राहिलंच. तू माझं पाठ केलंस आणि तुझं मला सांगितलं नाहीस. लहानपणीचं सगळं मला माहीत आहे, खोकल्याच्या त्या लाल औषधाने तुला उलटी व्हायची ते, शेंगदाण्याने घसा खाजायचा ते. पण मधल्या काळात काय झालं, रंगाच्या वासाने काय होतं, कुठली गोळी सोसत नाही, यातलं मला काही ठाऊक नाही. उद्या कोणी मला विचारलं, हिला काय चालत नाही, तर मी काय सांगू?

लिहून पाठवू नकोस. येऊन सांग.